गेमपॅड चालेना : दोष मालात की हिशेबात?

कापडाच्या धंद्यात एक अनुभव नेहमीचा आहे. गिऱ्हाईक चादर परत घेऊन येते आणि काउंटरवर आपटून म्हणते, "रंग जातो, माल खोटा आहे." चादर उलगडून पाहावी, दोन प्रश्न विचारावेत, तर कळते की पहिल्याच धुण्यात ती सोड्याच्या पाण्यात उकळून काढली होती. माल खरा असतो, चूक वापरण्यात असते. कधी याच्या उलटही घडते. माल खरोखर खराब निघतो आणि आपण गिऱ्हाइकालाच शहाणपण शिकवतो. म्हणून जाणता व्यापारी आधी तपासतो आणि मग बोलतो.

हा धडा तीस वर्षे दुसऱ्यांना सांगूनही टेंभुर्णीत आमच्या घरी कॉम्प्युटरच्या बाबतीत मी स्वतःच विसरलो. भाचा नववीत शिकतो. त्याने घरच्या कॉम्प्युटरवर पायथन भाषेत एक छोटा गेम तयार केला. पुणे-सोलापूर हायवेवर मालाचा ट्रक चालवायचा, खड्डे चुकवायचे आणि वाटेत चादरीच्या गाठी भरायच्या, एवढाच तो खेळ. कीबोर्डवर तो छान चालत होता. शाळेच्या प्रदर्शनात मांडायचा म्हणून त्याने हट्टाने एक गेमपॅड मागितला. मी सोलापूरहून आणून दिला. घरी जोडला, तर काहीच होईना. "मामू, पॅड डुप्लिकेट निघाला. बदलून आणा," असे तो म्हणाला आणि मीही दुसऱ्या दिवशी एस.टी. धरून दुकानदाराशी भांडायला गेलो.

दुकानदाराने शांतपणे आपल्या जवळची केबल लावून पॅड कॉम्प्युटरला जोडला. एकूण एक बटण चालत होते. मान खाली घालून परत आलो. त्याच दुकानदाराने दिलेल्या केबलने घरी पॅड सुरू झाला खरा, पण आता ट्रक आपोआप डावीकडे सरकू लागला, वर म्हटले की खाली जाऊ लागला आणि एकदा बटण दाबले की पंधरा-पंधरा गाठी भरू लागला. भाच्याची पुन्हा तीच हाक : "मामू, आता तर खात्रीच झाली. पॅड खराब आहे." प्रदर्शनाला आठ दिवस उरले होते. या वेळी मात्र मी म्हटले, "आधी तपास, मग तक्रार." चार संध्याकाळी आम्ही दोघे बसलो. चार दोष सापडले. एक केबलमध्ये, तीन गेममध्ये. पॅडमध्ये एकही नाही!

आज अनेक घरांत मुले असे छोटे गेम बनवतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या खिशाला पैसे पुरवणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी ही तपासणी क्रमाने लिहीत आहे.

गेमपॅडच्या आत काय असते?

गेमपॅडवर दोन प्रकारच्या गोष्टी असतात. पहिला प्रकार बटणांचा. बटण एक तर दाबलेले असते किंवा सुटलेले, त्यात तिसरी अवस्था नाही. अंगठ्याने चारही दिशा दाखवणारे अधिक-चिन्हाच्या आकाराचे बटण याच जातीचे आहे. ते जपानच्या निन्टेंडो कंपनीतील गुन्पेई योकोई यांनी १९८२ साली हातात धरण्याच्या छोट्या खेळात आणले. १९८३ च्या फॅमिकॉम यंत्रामुळे ते जगभर गेले. १९९० च्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडून कॅसेट घालून जे खेळ खेळले जात, त्यांतील पुष्कळ यंत्रे याच फॅमिकॉमच्या नकला होत्या.

दुसरा प्रकार कांडीचा, म्हणजे स्टिकचा. ती किती झुकली हेही कळते. १९९६ साली निन्टेंडो ६४ या यंत्राच्या पॅडवर अशी एक कांडी आली आणि १९९७ पासून सोनी कंपनीने दोन कांड्यांचे पॅड विकायला सुरुवात केली. कांडीच्या तळाशी फिरणारा रोध, म्हणजे जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तसा भाग असतो. एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. गेमपर्यंत त्याचे माप साधारणपणे उणे १ ते अधिक १ या आकड्यात पोहोचते. पूर्ण डावीकडे उणे १, मध्ये ०, पूर्ण उजवीकडे अधिक १.

बटण म्हणजे नगावर मोजायचा माल आणि कांडी म्हणजे मीटरवर मोजायचा माल, असे समजा. दोन्हींचा हिशेब एकाच पद्धतीने ठेवला की घोटाळा होतो. पुढचे निम्मे दोष येथूनच जन्माला येतात.

मालाचे मुक्काम

बोट दाबल्यापासून पडद्यावर ट्रक हलेपर्यंत इशारा सहा मुक्काम करतो. पहिला मुक्काम बटण किंवा कांडी. दुसरा पॅडमधील सर्किट. तिसरा केबल किंवा बिनतारी जोडणी. चौथा विंडोज, म्हणजे कॉम्प्युटरची मूळ कार्यप्रणाली. पाचवा गेम बनवण्याचे साधन, आमच्या बाबतीत पायगेम. सहावा मुलाने स्वतः लिहिलेला प्रोग्राम.

गाठ वेळेवर आली नाही तर आपण काय करतो? मिलला शिव्या देत नाही. बिल्टी नंबर घेऊन ट्रान्सपोर्टच्या मधल्या गोदामात फोन करतो. माल तेथे पोहोचला असेल तर मिल सुटली, पुढे शोधायचे. पोहोचला नसेल तर मागे शोधायचे. एका फोनमध्ये निम्मा रस्ता तपासून होतो. येथेही तेच करावे. मधले गोदाम म्हणजे चौथा मुक्काम, विंडोज.

कीबोर्डवरील विंडोजचे बटण आणि आर हे अक्षर एकत्र दाबावे. छोटी चौकट उघडेल. तिच्यात इंग्रजी लिपीत जॉय, मग टिंब, मग सी-पी-एल असे न सोडता लिहून एंटर दाबावे. जोडलेल्या गेमपॅडची यादी दिसेल. त्यातील नाव निवडून प्रॉपर्टीज उघडले की तपासणीची खिडकी येते. बटण दाबले की तेथे दिवा लागतो, कांडी हलवली की चौकोनातील खूण हलते.

तीन शक्यता निघतात. यादीत पॅडचे नावच नाही, तर दोष केबल, बॅटरी किंवा जोडणीत आहे. नाव आहे पण एखादेच बटण किंवा कांडी मेलेली आहे, तर पॅड खरोखर बिघडला असावा. सर्व दिवे लागतात, खूण नीट हलते, तर पॅड निर्दोष आहे आणि चूक गेममध्ये शोधायची. दुकानात जाऊन भांडायचे की घरी बसून विचार करायचा, हे या दोन मिनिटांत ठरते.

येथे एक चकवा लक्षात ठेवावा. एक्सबॉक्स पद्धतीच्या पॅडवर मागच्या बाजूला बोटाने ओढण्याचे दोन खटके असतात. या खिडकीत दोन्हींचे माप एकाच पट्टीवर दिसते. एक ओढला की पट्टी एका बाजूला, दुसरा ओढला की दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही एकदम ओढले की मध्ये. पाहणाऱ्याला वाटते खटके बिघडले. तसे काही नसते, ती खिडकीच जुन्या हिशेबाने दाखवते.

दुसऱ्या टोकाकडूनही एक तपासणी आहे. गेम कीबोर्डच्या बाणांनी चालवून पाहावा. बाणांनी ट्रक नीट चालत असेल, तर ट्रक हलवण्याचा भाग ठीक आहे आणि चूक फक्त पॅड वाचणाऱ्या ओळींत आहे. कीबोर्डवरही ट्रक अडत असेल, तर पॅडचा काहीच संबंध नाही.

नाव यादीत नसेल तर

पहिला संशय केबलवर घ्यावा. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात. दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. पण बाजारात केवळ चार्जिंगच्या केबल सर्रास मिळतात आणि त्यांत माहितीच्या ताराच नसतात. अशा केबलने पॅडवरचा दिवा लागतो, म्हणून मनुष्य फसतो. आमच्या घरी हेच झाले होते. ओळखायची सोपी रीत अशी : तीच केबल मोबाईलला लावून फोटो कॉम्प्युटरवर घेता येतात का पाहावे. येत असतील तर केबल पूर्ण आहे.

पॅड बिनतारी असेल तर आधी बॅटरी पाहावी. ब्लूटूथचा पॅड आधी मोबाईलला जोडला असेल, तर तो खिशातल्या मोबाईललाच धरून बसतो आणि कॉम्प्युटरकडे येत नाही. मोबाईलचे ब्लूटूथ बंद करून पाहावे. छोट्या रिसीव्हरवर चालणारा पॅड असेल, तर रिसीव्हर कॅबिनेटच्या मागे न लावता पुढे लावावा. मागच्या बाजूला यूएसबी ३ च्या जलद जोडणीवर हार्डडिस्क वगैरे चालू असेल, तर तिच्यामुळे २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींत खरखर होऊन इशारा अडखळतो.

नाव आहे, पण गेमला भलतेच बटण कळते

कॉम्प्युटरला पॅडची भाषा कळण्याच्या दोन पद्धती विंडोजवर आहेत. जुनी डायरेक्टइनपुट ही १९९० च्या दशकातील. नवी एक्सइनपुट ही २००५ साली एक्सबॉक्स ३६० बरोबर आली. नव्या पद्धतीत प्रत्येक बटणाचे नाव ठरलेले आहे. जुन्या पद्धतीत बटणांना फक्त नंबर असतात आणि कोणत्या बटणाला कोणता नंबर द्यायचा हे पॅड बनवणारा ठरवतो. म्हणून एका कंपनीच्या पॅडवर खालचे बटण ० नंबरचे निघते, तर दुसरीच्या पॅडवर १ किंवा २. मित्राच्या घरी नीट चालणारा गेम आपल्या घरी भलतेच करू लागतो, त्याचे कारण हेच.

अनेक स्वस्त पॅड दोन्ही भाषा बोलतात. त्यांच्या पाठीवर एक्स आणि डी असा खटका असतो किंवा एखादे बटण काही सेकंद दाबून धरल्यावर भाषा बदलते. बरोबर आलेला कागद वाचावा आणि खटका एकदा ठरवून तेथेच ठेवावा. काही पॅडवर ॲनालॉग नावाचे बटण असते. त्याचा दिवा विझला की कांडी कांडीसारखी न वागता चार दिशांच्या बटणासारखी वागते. "कांडी मेली" अशी तक्रार येते, तेव्हा आधी हा दिवा पाहावा.

आणखी एक गंमत. अक्षरांवर विसंबू नये. ए हे बटण एक्सबॉक्सच्या पॅडवर खाली असते, निन्टेंडोच्या पॅडवर उजवीकडे. सोनीच्या पॅडवर अक्षरेच नाहीत, खाली फुलीचे चिन्ह आहे. म्हणून गेममध्ये "ए दाबा" असे न लिहिता "खालचे बटण" असा हिशेब ठेवावा.

याचा कायमचा इलाजही तयार आहे. सॅम लँटिंगा यांनी १९९८ साली सुरू केलेल्या एसडीएल या मोफत साधनसंचासाठी जगभरच्या लोकांनी मिळून पॅडांची एक मोठी यादी बनवली आहे. कोणत्या पॅडचा कोणता नंबर म्हणजे कोणते बटण, हे तिच्यात असते. पायगेम एसडीएलवरच उभे आहे. गोडो हे गेम बनवण्याचे मोफत साधनही हीच यादी वापरते. ही यादी वापरायची नसेल, तर निदान दाबलेल्या बटणाचा नंबर पडद्याच्या कोपऱ्यात छापण्याची सोय मुलाने आपल्या गेममध्ये ठेवावी. अंदाजाने नंबर लिहिण्यापेक्षा डोळ्यांनी पाहून लिहिलेला बरा.

ट्रक आपोआप सरकतो

हात न लावता ट्रक डावीकडे जातो, हे पाहून कोणीही म्हणेल की पॅड खराब आहे. आम्ही कांडीचे माप पडद्यावर छापून पाहिले. कांडी मोकळी असताना आकडा ० येत नव्हता, उणे ०.०४ च्या आसपास थरथरत होता. तराजूचे पारडे रिकामे असतानाही काटा अगदी मध्यावर क्वचितच थांबतो, तसेच हे. नव्या कोऱ्या पॅडमध्येही एवढा फरक असतो. भाच्याच्या प्रोग्राममध्ये लिहिले होते, आकडा शून्यापेक्षा कमी असेल तर डावीकडे जा. उणे ०.०४ हा शून्यापेक्षा कमीच! कॉम्प्युटरने सांगितले तसे केले.

यावर उपाय म्हणजे मध्याच्या आसपासची थोडी जागा हिशेबात न धरणे. या जागेला डेड झोन म्हणतात. एक्सइनपुटसाठी मायक्रोसॉफ्टने डाव्या कांडीचा डेड झोन ३२,७६७ पैकी ७,८४९ आणि उजव्या कांडीचा ८,६८९ सुचवला आहे. म्हणजे पूर्ण झुकावाचा साधारण चौथा हिस्सा. घरच्या गेमसाठी ०.२० पासून सुरुवात करावी. थरथर थांबत नसेल तर वाढवावा.

यात दोन बारकावे आहेत. पहिला, डेड झोन ओलांडताच ट्रक एकदम ०.२० च्या वेगाने उडी घेतो. ती टाळण्यासाठी मापातून ०.२० वजा करून उरलेल्या ०.८० ने भागावे. मग ०.६० झुकावाला ०.५० वेग मिळतो आणि सुरुवात शून्यापासून होते. दुसरा, आडवे आणि उभे माप वेगवेगळे छाटले, तर तिरपे जाताना ट्रक सरळ रेषेला चिकटतो. म्हणून दोन्ही मापांच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ काढावे आणि त्या एका आकड्यावर डेड झोन लावावा. नववीच्या मुलाला पायथागोरसचा असा उपयोग दिसला की गणिताचे पुस्तकही त्याला जरा वेगळे वाटू लागते.

मोकळ्या कांडीचा आकडा ०.३० किंवा ०.४० दाखवत असेल, तर मात्र ती झीज आहे. रोधाच्या पट्टीवर घासून घासून कांडी म्हातारी होते. डेड झोन वाढवून थोडे दिवस ढकलता येतात, पण तो खरा दोष पॅडचाच. अलीकडे काही पॅडांत घासणाऱ्या पट्टीऐवजी लोहचुंबकावर चालणारी हॉल-इफेक्ट कांडी येते. तिच्यात ही झीज होत नाही.

वर म्हटले की खाली

शाळेत आलेखाच्या कागदावर वर गेले की आकडा वाढतो. भाच्याने तोच नियम धरला. पण कॉम्प्युटरचा पडदा रोजमेळासारखा असतो. रोजमेळात पहिली ओळ वर आणि पुढच्या ओळी खाली खाली. पडद्यावरही वरच्या डाव्या कोपऱ्यात ० असतो आणि खाली जाताना आकडा वाढतो. पायगेममध्ये कांडी वर ढकलली की उणे १ मिळतो. म्हणजे तो आकडा तसाच जागेत मिळवला की ट्रक वर जातो. भाच्याने "वर म्हणजे अधिक" समजून तो वजा केला होता. एक चिन्ह बदलले आणि ट्रक शहाणा झाला.

मात्र सर्व साधनांचा नियम एक नाही. एक्सइनपुट थेट वाचले तर वर म्हणजे अधिक असते. म्हणून दुसऱ्याचा प्रोग्राम पाहून उतरवताना चिन्ह न तपासता उतरवू नये.

एका दाबात पंधरा गाठी

गेम सेकंदाला साधारण ६० वेळा पडदा नव्याने काढतो. प्रत्येक वेळी प्रोग्राम विचारतो, बटण दाबलेले आहे का? आपले बोट बटणावर पाव सेकंद राहिले, तरी तेवढ्या वेळात १५ वेळा "होय" असे उत्तर येते. प्रत्येक "होय" ला एक गाठ, म्हणजे १५ गाठी. पॅडने इशारा एकदाच दिला होता, नोंद करणाऱ्याने तो पंधरा वेळा खतावला.

इलाज असा, की मागच्या वेळची अवस्था लक्षात ठेवावी. मागच्या वेळी बटण सुटलेले होते आणि आता दाबलेले आहे, तेव्हाच एक गाठ मोजावी. ट्रक पुढे नेण्यासारखी कामे बटण दाबून धरेपर्यंत चालू राहावीत, पण गाठ भरणे, उडी मारणे, गेम थांबवणे ही कामे एका दाबाला एकदाच व्हावीत. कोणते काम कोणत्या जातीचे, हे आधी कागदावर लिहून काढावे.

प्रोग्राममधील बारीक चुका

काही चुका वरून दिसत नाहीत, त्यांची नोंद येथे देतो.

पायगेममध्ये आलेल्या घटनांची रांग प्रत्येक फेरीत रिकामी करावी लागते. ती केली नाही, तर पॅडचे आकडे जागच्या जागी गोठून राहतात. तसेच पॅडसाठी तयार केलेली वस्तू कायम राहील अशा ठिकाणी ठेवावी. एखाद्या छोट्या कार्यात तयार करून सोडून दिली, तर काम संपताच ती नाहीशी होते आणि पॅड मुका होतो.

गेम सुरू झाल्यावर पॅड जोडला, तर साधा प्रोग्राम त्याची दखल घेत नाही, कारण त्याने मोजणी सुरुवातीलाच करून टाकलेली असते. आधी पॅड जोडावा, मग गेम सुरू करावा. शिवाय गेमची खिडकी पुढे असली पाहिजे. दुसरी खिडकी पुढे आली की अनेक साधने पॅडकडे लक्ष देणे थांबवतात.

ब्राउझरमध्ये चालणारा गेम असेल, तर पॅडचे एखादे बटण दाबेपर्यंत पानाला पॅड दिसतच नाही. ही सोय मुद्दाम केलेली आहे, कोणत्याही पानाने गुपचूप आपली यंत्रे मोजू नयेत म्हणून. क्रोममध्ये पॅडची अवस्था फोटोसारखी मिळते, म्हणून प्रत्येक फेरीत ती नव्याने मागावी लागते. गोडोमध्ये इनपुट मॅपमध्ये क्रिया एकाच पॅडच्या नंबरला बांधली गेली नाही ना, हे पाहावे. आणि स्टीमसारखा दुसरा कार्यक्रम मागे चालू असेल, तर तो पॅडला कीबोर्ड बनवून एकाच दाबाच्या दोन नोंदी पाठवू शकतो. तपासणीपुरता तो बंद करावा.

लक्षण आणि पहिली तपासणी

१. दिवा लागतो, पण यादीत नाव नाही : केबल बदला.
२. बिनतारी पॅड मध्येच अडखळतो : बॅटरी पाहा, रिसीव्हर पुढे लावा.
३. भलतेच बटण चालते : एक्स-डी खटका पाहा, नंबर पडद्यावर छापा.
४. कांडी चार दिशांनाच चालते : ॲनालॉगचा दिवा पाहा.
५. ट्रक आपोआप सरकतो : मोकळ्या कांडीचा आकडा पाहा, डेड झोन लावा.
६. वर-खाली उलटे : चिन्ह बदला.
७. एका दाबात अनेक कामे : मागची अवस्था लक्षात ठेवा.
८. विंडोजमध्ये सर्व ठीक, गेममध्ये शांतता : घटनांची रांग, खिडकी, जोडण्याचा क्रम पाहा.

एक नियम सर्वांवर : एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदलले ते वहीत लिहा. केबलही बदलली, खटकाही हलवला आणि प्रोग्रामही दुरुस्त केला, तर गेम चालू झाल्यावरही दोष कशात होता हे कधीच कळणार नाही. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

व्यापाराच्या पानावर हे कशासाठी?

कोणी म्हणेल, मुलांच्या खेळाचा धंद्याशी काय संबंध? संबंध दोन आहेत.

पहिला असा, की खेळ हाही आता माल आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळींचा राजी : ॲन एन्शंट एपिक हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेंडो स्विच यंत्रावर आला आणि ऑक्टोबरमध्ये कॉम्प्युटर, प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वनवर आला. यातील तीन यंत्रांवर खेळाडूच्या हातात पॅडच असतो. पॅड नीट चालला नाही तर खेळ विकलाच जाणार नाही. खेळता खेळता पॅडची तार निघाली तर गेम नीट वागतो का, हेसुद्धा मोठ्या कंपन्या आपल्या यंत्रावर गेम घेण्याआधी पाहतात. आणि शिकण्याचे साहित्य फुकट आहे. पायगेम २००० सालापासून मोफत मिळते. अर्जेंटिनातील दोघांनी उभे केलेले गोडो २०१४ पासून सर्वांसाठी खुले आहे. टेंभुर्णीच्या मुलाला आणि पुण्याच्या मुलाला साधन तेच मिळते.

दुसरा संबंध आपल्या दुकानाचा. हल्ली काउंटरवर बारकोड वाचणारा स्कॅनर असतो, बिल छापणारा छोटा प्रिंटर असतो. ऐन सणाच्या गर्दीत स्कॅनर बंद पडला की आपण घाबरून नवा मागवतो. तेथेही मधल्या गोदामाची रीत लावावी. बहुतेक स्कॅनर कॉम्प्युटरला कीबोर्डसारखेच भासतात. नोटपॅड उघडून एखाद्या पाकिटावरचा बारकोड वाचावा. आकडे उमटले तर स्कॅनर निर्दोष, दोष बिलाच्या प्रोग्राममध्ये किंवा त्यात कर्सर भलत्या रकान्यात असण्यात आहे. बिलाच्या प्रिंटरचे कागद सरकवण्याचे बटण दाबून धरून तो चालू केला, तर पुष्कळ प्रिंटर स्वतःची तपासणी-चिठ्ठी छापून देतात. चिठ्ठी निघाली तर प्रिंटर ठीक, पुढे केबल पाहा. गेमपॅडवर ही रीत शिकलेला मुलगा उद्या आपल्याच पेठेत चार दुकानांची यंत्रे सांभाळू शकतो.

नवा पॅड घेणाऱ्यांना दोन शब्द. शिकण्यासाठी तारेचा पॅड घ्यावा, त्यात बॅटरी आणि जोडणीचे दोन संशय आपोआप कमी होतात. दुकानातच कॉम्प्युटरला लावून सर्व बटणे तपासावीत, बिल घ्यावे आणि तपासताना जी केबल लावली तीच घरी आणावी. आमची एस.टी.ची फेरी त्या एका केबलपायी वाया गेली.

प्रदर्शनाच्या दिवशी ट्रक सरळ चालला आणि एका दाबाला एकच गाठ भरली. त्यानंतर सोलापूरला गेलो तेव्हा त्या दुकानदाराची केबल परत केली आणि त्या दिवशी चढवलेल्या आवाजाबद्दल माफी मागितली. तो हसून म्हणाला, "रोज दोघे-तिघे येतात." मला आमच्या चादरी आठवल्या. आपल्या मालावर कोणी खोटा आळ घेतला की किती लागते, हे आपण व्यापाऱ्यांनी तरी विसरू नये. दुसऱ्याच्या मालाकडे बोट दाखवण्याआधी आपल्या बाजूचा हिशेब एकदा तपासावा. त्याला पैसे लागत नाहीत, थोडी सबुरी लागते.